अरमानीचा कोट उलटा करून पाहा

मा. संपादक,
स. न. वि. वि.

आपल्या रविवारच्या पुरवणीत इटालियन फॅशन डिझायनर जॉर्जिओ अरमानी यांच्यावर पानभर लेख आला होता. मी तो सकाळी एकदा वाचला आणि दुपारी दुकान बंद करून परत एकदा वाचला. लाल गालिचा होता, हॉलिवूडच्या नट्या होत्या, दुबईतलं हॉटेल होतं, संपत्तीचे आकडे होते. ज्या वस्तूवर हा सगळा डोलारा उभा राहिला, तो कोट मात्र एका वाक्यात आटोपला होता: ‘त्यांनी पुरुषांच्या सुटाला नवे रूप दिले.’ रूप दिलं म्हणजे नेमकं काय केलं, हे लेखकाने कुठल्याही शिंप्याला विचारलं असतं तर त्याने चहा पिता पिता सांगितलं असतं.

मी देवळाली कॅम्पात कोट शिवतो. आमच्या अण्णांनी तोफखान्याच्या अधिकाऱ्यांचे मेस जॅकेट, ब्लेझर आणि बंदगळे शिवण्यात हयात घालवली. आता साठी ओलांडल्यावरही मी तेच करतोय. म्हणून हा पत्रप्रपंच. जागा कमी पडली तर खुशाल कात्री लावा, कापण्याचा मला राग नाही. फक्त कोटाच्या आतल्या भागाबद्दल जे लिहिलंय ते राहू द्या.

कोटाला बाहेरून कापड असतं आणि आतून अस्तर, एवढं सगळ्यांना दिसतं. पण आमचं खरं काम या दोहोंच्या मध्ये असतं. छातीपासून खालच्या घेरापर्यंत कॅनव्हास लागतो. चांगल्या कॅनव्हासच्या आडव्या धाग्यात घोड्याचे केस विणलेले असतात. मुठीत चुरगाळून सोडला की तो परत उसळतो. छातीवर त्याचाच आणखी एक थर, त्यावर मऊ फेल्ट. खांद्याला पॅड, बाहीच्या डोक्याला कापसाची पट्टी, लेपल (कोटाच्या गळ्याची पुढे वळलेली पट्टी) जिथून वळते तिथे जरा ताणून बसवलेली टेप. हा सगळा संसार हाताने टाचायचा. लेपलचं काम सगळ्यात किचकट. ती डाव्या हाताच्या बोटावर वळती ठेवायची आणि तशी वळलेली असतानाच आतून बारीक तिरके टाके घालत जायचे. असे टाके एकेका बाजूला शेकड्यांनी पडतात आणि प्रत्येक टाक्याने बाहेरच्या कापडाचा जेमतेम एखादा धागा उचलायचा. उजेडात धरलं तरी दर्शनी बाजूला टाका दिसता कामा नये. असं केलं की लेपल आपसूक वळून राहते, तिला इस्त्रीने चेपून बसवावं लागत नाही. अण्णांच्या हाताखाली मी कितीतरी दिवस नुसत्या लेपलाच टाचत होतो. मुंढ्याला, म्हणजे बाही जोडतात त्या घेराला, हात लावायची परवानगी त्यानंतर मिळाली.

असा कोट माणसाला आकार देतो. खांदे उतरते असू देत, छाती आत गेलेली असू दे, एक खांदा दुसऱ्यापेक्षा खाली असू दे (बहुतेकांचा असतो, मापं घेताना आम्ही बोलत नाही एवढंच), कोट सगळं झाकून घेतो. फौजेला हेच हवं असतं. लंडनच्या सॅव्हिल रो गल्लीतल्या शिंप्यांनी हे शास्त्र बरंचसं लष्करी गणवेश शिवता शिवताच पक्कं केलं. इंग्रज जिथे छावणी टाकून राहिले तिथे ते त्यांच्या मागोमाग गेलं, आणि देवळालीलाही तसंच आलं. खुंटीला टांगला तरी असा कोट आतमध्ये कुणीतरी असल्यासारखा दिसतो. आमच्या धंद्यात ती तारीफ समजली जाते.

अरमानी यांनी हा आतला संसार घराबाहेर काढला. सत्तरच्या दशकाच्या मध्यापासून त्यांच्या जाकिटातला कॅनव्हास अगदी हलका होत गेला किंवा गेलाच. खांद्याचे पॅड गेले, अस्तर अर्ध्यावर आलं. बटणं खाली सरकली, लेपलची खाच खाली उतरली. खांद्याची रेष बाहेर सरकून दंडाकडे कलली. कापडही बदललं. पुरुषांच्या सुटाला जे कडक, भरीव वुलन लागायचं त्याच्या जागी त्यांनी बायकांच्या कपड्यांना वापरतात तसली पडती कापडं आणली. त्यात क्रेप होतं, मऊ लिनन होतं, व्हिस्कोस घातलेली मिश्रणं होती. क्रेपच्या सुताला पीळ जास्त असतो, त्यामुळे ते अंगावरून ओघळतं आणि सुरकुती पडली तरी झटकल्यावर मोकळी होते. लिननची सुरकुती झटकून निघत नाही. अरमानी यांनी ती तशीच राहू दिली आणि गिऱ्हाइकाला पटवलं की ती तशीच छान दिसते. हे आम्हाला आजवर जमलेलं नाही. लिननच्या सुटाला घडी पडली म्हणून भांडायला आलेली माणसं मी पाहिली आहेत.

रंगांचंही तसंच. काळा, नेव्ही ब्लू आणि कोळशी करडा यापलीकडे सूट फारसे जात नव्हते. त्यांनी करडा आणि वाळूचा रंग यांच्या अधेमधे असलेले, ओल्या मातीचे, शेवाळाचे, धुरकट रंग आणले. ते कुठल्या खान्यात टाकावेत हेच कळत नाही. अरमानी राहायचे त्या मिलानच्या हिवाळ्यातलं धुकं पाहिलेला माणूस असे रंग निवडतो, असं तिकडे जाऊन आलेले लोक म्हणतात. मी गेलेलो नाही.

आता तुमच्या लेखातली एक गोष्ट मला खटकली ती सांगतो. लेख वाचून असं वाटतं की अरमानी यांच्या आधी इटलीत सगळे ताठ कोट घालून फिरत होते आणि यांना एका रात्रीत साक्षात्कार झाला. तसं नाही. दक्षिणेला नेपल्समध्ये जेनारो रुबिनाची नावाच्या हौशी माणसाने १९३२ साली ‘लंडन हाउस’ नावाचं दुकान काढलं. नाव लंडनचं, कारण तिथल्या सरदार-जहागीरदारांना इंग्रजी पोशाखाचं वेड होतं. पण नेपल्सच्या उन्हात इंग्रजी कोट घालून बसणार कोण? त्यांचा कटर विन्चेन्झो अत्तोलिनी याने आतलं पॅडिंग आणि अस्तर काढून टाकलं आणि कोट मोकळा केला. नेपल्सचे शिंपी बाही मुंढ्यात बसवतात तीही बऱ्याचदा शर्टासारखी, खांद्यापाशी बारीक चुण्या ठेवून. म्हणजे कोट रिकामा करायची कल्पना अरमानी यांच्या जन्माच्याही आधीची आहे. मात्र ती एकेका गिऱ्हाइकाच्या मापाने, एकेका कारागिराच्या हाताने चालायची. नेपल्सच्या चार गल्ल्यांबाहेर तिची कुणाला फारशी खबर नव्हती.

अरमानी हे शिंप्याच्या घरातले नव्हेतच. जन्म ११ जुलै १९३४, गाव पिआचेन्झा, मिलानच्या आग्नेयेला. घरची परिस्थिती बेताची, बालपण महायुद्धात गेलं. मिलानला वैद्यकीच्या शिक्षणाला गेले आणि ते अर्धवट सोडलं. लष्करी सेवा उरकली आणि १९५७ साली ‘ला रिनाशेन्ते’ या मोठ्या दुकानात लागले. आधी काचेतली सजावट, मग पुरुषांच्या कपड्यांच्या विभागात. मला या नोकरीचं महत्त्व फार वाटतं. माल घेणारा माणूस कोट अंगात चढवतो, आरशात बघतो, खांदे हलवतो, तोंड वाकडं करतो आणि टांगून निघून जातो. हे दिवसभर बघायला मिळालेला माणूस आणि आमच्यासारखा मापाची वही घेऊन बसलेला माणूस यांची नजर वेगळी तयार होते.

१९६४ मध्ये निनो चेरुटी यांनी त्यांना आपल्या ‘हिटमन’ या तयार कपड्यांच्या ब्रँडसाठी घेतलं. चेरुटींची बिएला गावात कापडाची गिरणी, १८८१ सालची. आल्प्सच्या पायथ्याचं हे गाव लोकरीच्या कापडासाठी जगात ओळखलं जातं. तयार सूट कमी ताठर कसा करता येईल यावर चेरुटींचाही विचार चालू होता आणि ते काम त्यांनी या नव्या माणसाकडे दिलं. म्हणजे अरमानी कोट शिकले ते गिरणी आणि कारखाना यांच्या मध्ये उभं राहून. आम्ही शिकतो ते मास्तरच्या पायाशी बसून. त्यांच्या हातून पुढे जे झालं त्याचं मूळ मला यात दिसतं. शिंप्याच्या तालमीत तयार झालेल्या माणसाला कॅनव्हास काढून टाकायचं धाडसच झालं नसतं. वर्षानुवर्षं जे टाचायला शिकलो तेच फेकून द्यायचं म्हणजे काय?

१९७५ मध्ये सर्जिओ गालेओत्ती या आपल्यापेक्षा अकरा वर्षांनी लहान साथीदाराबरोबर त्यांनी स्वतःचं फॅशन घर उघडलं. भांडवलासाठी अरमानींनी आपली फोक्सवॅगन विकली, ही गोष्ट तुमच्या लेखातही आहे. हिशेब आणि व्यवहार गालेओत्तींकडे, कात्री आणि कापड अरमानींकडे. पण कोटाच्या दृष्टीने महत्त्वाचं साल १९७८. त्या वर्षी तुरीनच्या ‘जीएफटी’ या तयार कपड्यांच्या मोठ्या कारखानदार कंपनीशी त्यांचा करार झाला. तुमच्या लेखात याचा उल्लेखच नाही.

माझ्या मते सगळी गंमत याच करारात आहे. नेपल्सचा कारागीर मोकळा कोट शिवू शकतो, कारण तो गिऱ्हाइकाला तीनदा ट्रायलला बोलावतो आणि प्रत्येक वेळी खडूने खुणा करून चूक काढतो. कारखान्याला ट्रायल नसते. तिथे एका मापाचे शेकडो कोट एकाच वेळी कापले जातात आणि ते कुणाच्या अंगावर जाणार हे कुणालाच माहीत नसतं. भरलेल्या कोटात हे खपून जातं, कारण अंग कसंही असलं तरी पॅड आणि कॅनव्हास सांभाळून घेतात. रिकाम्या कोटात सांभाळणारं कुणी नाही. कापड तिरकं कापलं गेलं तर तो पिळणार. मुंढा अर्धा इंच खोल गेला तर हात वर केल्यावर सगळा कोट वर येणार. बाहीचा घेर मुंढ्यापेक्षा नेहमी जास्त असतो आणि ते जास्तीचं कापड दमाने, वाफेने जिरवून बसवायचं असतं. वर पॅड असेल तर त्यातल्या चुका झाकतात, नसेल तर चार हातांवरून दिसतात. असा कोट कारखान्यातून काढायचा, तोही जगभर विकण्याइतका, आणि तो खुंटीवर मरतुकडा दिसत असताना गिऱ्हाइकाने तो अंगात घालून बघावा अशी हवा करायची. इतरांनी कल्पना केली असेल, पण हे करून दाखवलं अरमानी यांनी.

दोनेक वर्षांपूर्वी एका निवृत्त कर्नलसाहेबांच्या मुलाने माझ्याकडे अरमानींचं एक जाकीट बाह्या आखूड करायला आणलं. परदेशात जुन्या कपड्यांच्या दुकानात मिळालेलं, नव्वदच्या आसपासचं असावं. शिवण उसवण्याआधी मी नेहमीसारखं खालच्या बटणाजवळचं कापड चिमटीत धरून चोळलं. कॅनव्हास असेल तर दोन कापडांच्या मध्ये तिसरा थर सुटा सरकतो. इथे मध्ये काही नव्हतंच. उलटं केलं तर अस्तर पाठीच्या वरच्या भागापुरतं, खाली उघडं कापड. एरवी अस्तराखाली झाकून जाणाऱ्या सगळ्या शिलाया इथे डोळ्यांसमोर, आणि प्रत्येक शिलाईची कड बारीक तिरप्या पट्टीने मढवलेली. घेरापासून मुंढ्यापर्यंत ती पट्टी कुठेही रुंद-अरुंद झाली नव्हती. खांद्यात हात घालून बघितला तर पापडाएवढी जाड एक पट्टी लागली, तेवढंच. मी मुद्दाम दोन्ही कारागिरांना बोलावून दाखवलं. धाकटा म्हणाला, “मास्तर, हे अर्धवट राहिलंय का?” मोठा काही बोलला नाही. तो कडेची पट्टी नखाने चाचपून बघत होता.

बाह्या झाल्यावर न्यायला स्वतः कर्नलसाहेब आले. मुलाचं जाकीट त्यांनी अंगात चढवलं, आरशापुढे उभे राहिले, एकदा डावीकडून बघितलं, एकदा उजवीकडून. म्हणाले, “बहुत आरामदायक है, मास्टरजी. लेकिन इसमें मैं कर्नल नहीं लगता.”

अरमानी यांचं सगळं म्हणणं साहेबांनी एका वाक्यात सांगितलं. पन्नास-साठच्या दशकातला सूट माणसाचा हुद्दा सांगायचा. यांच्या जाकिटात हुद्दा दिसत नाही. आत हालणारं अंग मात्र दिसतं. १९८० साली ‘अमेरिकन जिगोलो’ हा चित्रपट आला. त्यात रिचर्ड गेअर पलंगावर जाकिटं, शर्ट आणि टाय मांडून जोड्या लावतो तो प्रसंग तुमच्या लेखात आहेच. त्या चित्रपटाने अमेरिकेत नाव घरोघर पोचलं आणि एप्रिल १९८२ मध्ये ‘टाइम’ साप्ताहिकाच्या मुखपृष्ठावर अरमानी झळकले. बाकी पडद्यावरच्या याद्या मी सोडून देतो, त्या तुमच्याकडे पुष्कळ आहेत.

बायकांच्या जाकिटांबद्दल मात्र लिहायला हवं होतं. पुरुषांचं मोकळं केलेलं जाकीट त्यांनी लगोलग बायकांना दिलं. ऑफिसात वरच्या जागांवर पोचू लागलेल्या बायकांपुढे तेव्हा दोनच पर्याय होते: नटवा पोशाख, नाहीतर पुरुषी कडक सूट. यांचं जाकीट मधलं निघालं. अभिनेत्री डायान कीटनने १९७८ च्या ऑस्कर सोहळ्यात त्यांचं जाकीट घातलं आणि त्याच रात्री तिला पुरस्कारही मिळाला. आता खरं सांगायचं तर ऐंशीच्या दशकात त्यांच्याच बायकांच्या जाकिटांचे खांदे चांगले रुंद आणि भरीव झाले होते. म्हणजे पुरुषांच्या खांद्यातलं काढून बायकांच्या खांद्यात घातलं, असं कुणी म्हटलं तर मी वाद घालणार नाही. पण छातीवरचं आणि कमरेचं कापड तिथेही मोकळंच राहिलं.

माझ्याकडे नाशिकच्या कोर्टातल्या काही वकीलबाई काळे कोट शिवायला येतात. मे महिन्यात, बाररूममध्ये पंखा एक आणि माणसं चाळीस, अशा ठिकाणी हा कोट दिवसभर अंगावर वागवायचा. पुरुष वकिलाचा कोट मापाने लहान करून त्यांना देतात, ही आपल्याकडची पद्धत. त्यात छातीला कॅनव्हास आणि वर पूर्ण अस्तर, तेही पॉलिस्टरचं. कर्नलसाहेबांच्या मुलाचं जाकीट पाहिल्यानंतर मी एकीला अर्ध्या अस्तराचा, बिनपॅडचा कोट हलक्या ट्रॉपिकल वुलमध्ये शिवून दिला. आता तसे बरेच जातात. पण भावावरून दर वेळी तोच संवाद होतो. “मास्तर, आत काहीच नाही, मग शिलाई कमी घ्या ना.” त्यांना उघडून दाखवावं लागतं की झाकायला अस्तर नाही म्हणून प्रत्येक शिलाईची कड मढवायला लागली, आणि त्यात एक दिवस जास्तीचा गेला. काहींना पटतं. काही म्हणतात, बरं मग अस्तर लावूनच द्या.

उलट टोकाची गोष्ट लग्नाच्या बाजारात पाहायला मिळते. नवरदेवाचे ‘इटालियन कट’चे सूट म्हणून जे विकले जातात त्यांच्या छातीत गोंदाचं बक्रम असतं. गरम प्रेसखाली ते कापडाला चिकटवलं की काम झालं, टाका मारायची गरज नाही. गोंदाचं बक्रम हा काही गुन्हा नव्हे. चांगलं, हलकं वापरलं आणि नीट तापमानाला चिकटवलं तर वर्षानुवर्षं टिकतं. इटलीतले नामांकित कारखानेही वापरतात. पण स्वस्तातलं जाड बक्रम लावलं की कोट पुठ्ठ्याचा होतो आणि दोन ड्रायक्लीननंतर गोंद सुटून छातीवर फुगे येतात. गेल्या लग्नसराईत एका मुलाने मोठ्या शोरूममधून घेतलेला असाच कोट माझ्यापुढे ठेवला. लग्नाच्या रात्री पाऊस झाला होता, कोट भिजला, वाळल्यावर डाव्या लेपलपासून खिशापर्यंत सगळं कापड फुगलेलं. त्याला म्हटलं, याचं काही होत नाही, आतला गोंद गेला. लेबलावर कुठल्याशा इटालियन वाटणाऱ्या नावाची सोनेरी अक्षरं होती. ती मात्र शाबूत होती.

तुमच्या लेखात हॉटेलं, फर्निचर, चष्मे, अत्तरं, बास्केटबॉलचा संघ यांना जी जागा मिळाली त्याबद्दल माझी तक्रार नाही. पैसा तिथूनच येतो. १९८१ साली ‘एम्पोरिओ अरमानी’ काढून त्यांनी स्वस्तातली (म्हणजे त्यांच्या मानाने स्वस्तातली) मालिका सुरू केली आणि मग नाव वाट्टेल तिथे लागत गेलं. आपल्या मुंबईतही लागलं. लोअर परळला श्रीनिवास मिलच्या जागेवर ‘वर्ल्ड वन’ हा मनोरा उभा राहिला, त्यातल्या घरांची अंतर्गत सजावट ‘अरमानी कासा’ची. ज्या जमिनीवर कापड निघायचं तिथे कापडात नाव कमावलेला माणूस आला, पण सोफे आणि भिंती घेऊन. लेखात मुंबईचा संबंध शोधायचा होता तर तो इथे होता.

एक गोष्ट लेखात मुळीच नव्हती, आणि कारागिरांच्या बाजूने ती लिहिणं मला भाग आहे. एप्रिल २०२४ मध्ये मिलानच्या न्यायालयाने अरमानी समूहातली एक उत्पादन कंपनी वर्षभरासाठी न्यायालयीन देखरेखीखाली ठेवली. प्रकरण कोटांचं नव्हे, पिशव्या आणि चामडी वस्तूंचं. काम ठेकेदाराला, ठेकेदाराकडून पोटठेकेदाराला, अशा उतरंडीने मिलानच्या आसपासच्या चिनी मालकांच्या वर्कशॉपमध्ये गेलेलं. तिथे तासाला दोन-तीन युरो मजुरी असल्याचं तपासात आलं. एक पिशवी वर्कशॉपमधून ९३ युरोला निघायची, पुरवठादार ती अरमानीला २५० ला द्यायचा आणि दुकानात तिची किंमत १,८०० च्या आसपास. पुरवठादारांवर पुरेसं लक्ष ठेवलं नाही, असा ठपका होता. कंपनीने सुधारणा केल्यामुळे ही देखरेख २०२५ च्या फेब्रुवारीत, मुदतीच्या आधीच उठली. पुढे ऑगस्टमध्ये इटलीच्या स्पर्धा आयोगाने, कामगारांची काळजी घेतो असं सांगून गिऱ्हाइकांची दिशाभूल केली म्हणून ३५ लाख युरोचा दंड केला. कंपनीने त्याविरुद्ध अपील करणार असल्याचं सांगितलं. हे सगळं त्यांच्या शेवटच्या दीड वर्षातलं. ज्या माणसाने शिलाईची कड उघडी ठेवायची हिंमत केली त्याच्या घरात मजुरीचा हिशेब असा अस्तराखाली जावा, याचं मला वाईट वाटतं. नेमकं याच गोष्टीबद्दल लेखाने मौन का पाळलं हेही कळत नाही.

शेवटी एक दुरुस्ती. ‘अरमानी यांच्यानंतर कंपनी फ्रेंचांच्या ताब्यात’ असं तुमच्या चौकटीत छापलंय. तसं झालेलं नाही. ४ सप्टेंबर २०२५ रोजी ते गेले तेव्हा कंपनी त्यांचीच होती. पन्नास वर्षांत त्यांनी ती ना विकली, ना शेअर बाजारात नेली. मृत्युपत्रात लिहिलंय ते असं: दीड वर्षाच्या आत १५ टक्के हिस्सा विकावा, आणि त्यासाठी चैनीच्या वस्तूंची एलव्हीएमएच, सौंदर्यप्रसाधनांची लॉरिआल, चष्म्यांची एस्सिलॉरलक्सॉटिका किंवा त्याच तोलाच्या एखाद्या गटाला प्राधान्य द्यावं. त्यापुढे तीन ते पाच वर्षांत त्याच खरेदीदाराला ३० ते ५४.९ टक्के द्यावेत, नाहीतर शेअर बाजारात नोंदणी करावी. त्यांच्या फाउंडेशनकडे किमान ३० टक्के कायम राहायचे. ही नावं फ्रान्सकडे झुकतात हे खरं, पण प्राधान्य दिलं म्हणजे ताबा दिला असं होत नाही. पुरुषांच्या कपड्यांचं काम सध्या लिओ देल’ऑर्को बघतात, बायकांच्या कपड्यांचं अरमानींची पुतणी सिल्वाना. दोघेही कित्येक वर्षं त्यांच्याच हाताखाली राबलेले.

चौकटीतली ही दुरुस्ती आपण छापावी, ही विनंती. आणि पुढे कधी कोटावर लिहायचं असेल तर लेखकाला आमच्याकडे धाडा. दुकान सोमवारी बंद असतं.

कळावे,
आपला एक वाचक,
देवळाली कॅम्प, नाशिक
(नाव छापू नये. फौजेतली गिऱ्हाइकं चिडवतील.)